उचलबांगडीपूर्वी : प्रस्तावना

घरगुती संगणकावर एखादा प्रोग्राम आणून बसविण्याची विद्या आपल्या समाजात जितक्या झपाट्याने रुजली, तितक्या झपाट्याने तो तेथून सुखरूप काढून टाकण्याची विद्या रुजली नाही, याचे कारण शोधू गेल्यास ते केवळ आपल्या आळसात नसून त्या व्यवहाराच्या घडणीतच असल्याचे दिसून येईल. आणणाऱ्याला पदोपदी साहाय्य असते. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य’ अशी तीन-चार बटणे दाबली की काम तडीस जाते, आणि आपण नेमके काय मान्य केले हे दाबणाऱ्याला कोणी विचारीत नाही. काढणाऱ्याच्या वाटेवर मात्र तेच बटण लहान होते, फिकट होते, ‘खरोखरच आम्हांला सोडून जाणार काय?’ अशा काकुळतीच्या प्रश्नाखाली दडते, आणि ठळक रंगातले मोठे बटण असते ते ‘राहू द्या’ असे म्हणणारे. प्रस्तुत पुस्तिका या दुसऱ्या, उपेक्षित विद्येसंबंधी आहे. आणि विंडोज ही प्रणाली आपल्याकडील बहुसंख्य घरगुती संगणकांवर नांदत असल्यामुळे येथील विवेचन तिच्याच अनुषंगाने केले आहे.

नकोसा प्रोग्राम म्हटला की वाचकाच्या डोळ्यांसमोर विषाणूच उभा राहतो. परंतु घरोघरी प्रत्यक्षात जी अडगळ आढळते तिच्यात उघड शत्रू थोडे आणि आगंतुक फार. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला, महिनाभर फुकट राबणारा आणि पुढे वर्गणीसाठी तगादा लावणारा अँटिव्हायरस. प्रिंटरबरोबर आलेले, छपाईशी सुतराम संबंध नसलेले फोटोंचे अल्बम. मुलाच्या दहावीच्या वर्षी घेतलेली आणि तो नोकरीला लागला तरी संगणक सुरू होताच डोके वर काढणारी अभ्यासाची सीडी. आणि या सर्वांवर कडी करणारे, दुसऱ्याचे बोट धरून आत शिरणारे टूलबार. जावासारख्या प्रतिष्ठित प्रोग्रामची नवी आवृत्ती घेताना आस्कचा टूलबार २०१५ पर्यंत कित्येक वर्षे, आधीच बरोबरची खूण करून ठेवलेल्या एका चौकटीतून, लाखो घरांत बिनदिक्कत वावरता झाला. जे एकेकाळी हवेच होते तेही कालांतराने नकोसे होते : ज्याच्यावाचून पूर्वी पुष्कळ संकेतस्थळे धड चालत नसत त्या फ्लॅश प्लेअरची सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपुष्टात आली, आणि तो काढून टाका असे खुद्द त्याच्या निर्मात्यानेच सर्वांना सांगितले.

याखेरीज एक वर्ग असा आहे की जो प्रोग्रामच नव्हे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तासातासाला ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले’ असा डांगोरा पिटणारी जी चौकट अनेक घरांत घबराट उडवून देते, ती बहुधा आपणच कोण्या संकेतस्थळावर ‘अनुमती द्या’ हे बटण दाबून दिलेल्या परवानगीचे फळ असते. तिच्यासाठी प्रोग्रामांची यादी कितीही धुंडाळली तरी हाती काही लागत नाही. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, सूचनांच्या सदराखाली, त्या स्थळाला दिलेली परवानगी रद्द केली की डांगोरा तत्काळ थांबतो. याउलट ब्राउझरच्या मेनूत तळाशी ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशी ओळ घरच्या संगणकावर दिसू लागली, तर मात्र थबकावे. घरात संस्था कोणती? फार तर गृहस्थाश्रम. काही अँटिव्हायरसही आपल्या सोयीसाठी अशी व्यवस्था करून ठेवतात हे खरे, परंतु पुष्कळदा कोण्या आगंतुकाने रजिस्ट्रीत परस्पर धोरण लिहून ब्राउझरचा ताबा घेतल्याची ती निशाणी असते, आणि अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा बसविला तरी ते धोरण जागच्या जागी राहते.

एके काळी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. डॉसच्या काळात प्रोग्राम म्हणजे बहुधा एक डिरेक्टरी. ती पुसली की विषय संपला. विंडोज ३.१ च्या वेळेस त्यात विन.आयएनआय आणि सिस्टिम.आयएनआय या दोन मजकुरी फाइलींतील काही ओळींची भर पडली, आणि जाणकार मनुष्य त्या ओळी हाताने खोडीत असे. १९९५ च्या ऑगस्टात विंडोज ९५ आले आणि त्याने रजिस्ट्री नामक मध्यवर्ती दफ्तराकडे साऱ्या कारभाराची सूत्रे सोपविली. प्रोग्राम रीतसर काढण्याची अधिकृत यादी कंट्रोल पॅनेलमध्ये आली तीही याच आवृत्तीत. ही दोन्ही एकदम आली हा योगायोग नव्हे, कारण नोंदी इतक्या ठिकाणी विखुरल्यावर त्या हाताने वेचणे मनुष्याच्या आवाक्यात राहिले नव्हते. आजचा प्रोग्राम स्थिरस्थावर होतो तो आपल्या मुख्य फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवून, सर्वांना सामाईक असा ऐवज प्रोग्रामडेटामध्ये आणि प्रत्येक वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी त्याच्या अ‍ॅपडेटा या झाकलेल्या फोल्डरात घालून, संगणक सुरू होताच आपणांस हाक मारावी असा अर्ज रजिस्ट्रीच्या ‘रन’ या कलमात करून, आणि अमुक वाजता जागे करावे असे फर्मान टास्क शेड्यूलरमध्ये नोंदवून.

तेव्हा डेस्कटॉपवरचे चित्र पुसून ‘प्रोग्राम काढला’ असे समाधान मानणारे जे सद्गृहस्थ घरोघरी आढळतात, त्यांनी काय काढले हे सांगावयास नकोच. विंडोज एक्सपी तर असे चित्र पुसताना स्वच्छ बजावीत असे की याने केवळ चित्र जाईल, प्रोग्राम जाणार नाही. परंतु पडद्यावरील सूचना वाचण्याचा प्रघात आपल्यात नाही. त्याहून अनर्थकारक उत्साह म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये शिरून त्याचा फोल्डरच उडविणे. पुष्कळ छोट्या प्रोग्रामांच्या फोल्डरात ‘अनइन्स’ आणि पुढे तीन शून्ये अशा नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात : एक काढण्याचे काम करणारी, आणि दुसरी, बसविते वेळी कोणती फाइल कोठे ठेवली व कोणती नोंद कोठे केली याची जंत्री. फोल्डर उडविणारा ही जंत्रीच प्रथम नष्ट करतो. मग यादीतील नाव दाबले असता ‘हा प्रोग्राम पूर्वीच काढला गेला असावा, यादीतून नाव कमी करावयाचे काय?’ अशी विचारणा होते, आणि ‘होय’ म्हटले की नाव जाते व बाकीचा पसारा बेवारस होऊन जागच्या जागी राहतो.

यादीतून रीतसर काढले म्हणजे सर्व धोका टळला, असेही नाही. आणि येथे मी या प्रस्तावनेच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रोग्राम काढताना मागे काय उरेल याची चिंता सर्वांना वाटते, पण त्याच्याबरोबर काय जाईल याची चिंता फारशी कोणी करीत नाही. आणि माझ्या मते खरे नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या अंगाने होते. विंडोजमध्ये डीएलएल नामक फाइली अनेक प्रोग्रामांच्या सामाईक वहिवाटीत असतात. अशी फाइल किती जण वापरतात याचा आकडा रजिस्ट्रीत ठेवण्याची पद्धत होती : नव्याने येणाऱ्याने त्यात एक मिळवावा, जाणाऱ्याने एक वजा करावा, आणि आकडा शून्यावर आला की ‘ही सामाईक फाइल आता कोणी वापरीत नसावे; पुसावी काय?’ असे घरधन्यास विचारावे. पद्धत निर्दोष, पण तिचे पालन करणारे सदोष; काही प्रोग्राम येताना आकडा वाढविण्यास विसरत, आणि मग दुसराच कोणी जाताना त्यांची फाइल घेऊन जाई. त्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देणाऱ्याची फार तर काही किलोबाइट जागा अडून राही; ‘सर्वांना होय’ म्हणणाऱ्याचा मात्र दुसऱ्या दिवशी भलताच प्रोग्राम बंद पडे.

आज तो प्रश्न क्वचितच विचारला जातो, परंतु त्याचे नवे रूप प्रत्येकाच्या यादीत हजर आहे. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस’ या नावाच्या, पुढे २००८, २०१०, २०१३ असे आकडे असलेल्या पाच-दहा नोंदी एकाखाली एक दिसतात, आणि एकाच वस्तूच्या इतक्या प्रती कशाला, असा काटकसरीचा विचार मनात येऊन त्यांतील एक सोडून बाकीच्या काढून टाकण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. त्या प्रती नव्हेत. निरनिराळ्या काळी घडलेल्या प्रोग्रामांना लागणाऱ्या निरनिराळ्या आधारसामग्री आहेत, आणि त्यांतील एक गेली की चार महिन्यांनी हिशेबाचा प्रोग्राम उघडताना ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असा निरोप येतो. तोपर्यंत आपण काय काढले हे कोणाच्याच स्मरणात नसते. म्हणून काढण्यापूर्वी यादी तारखेनुसार लावून पाहावी, संशयिताच्या सोबत त्याच दिवशी आणखी कोण आले ते टिपावे, आणि प्रकाशकाचे नाव वाचावे, असा क्रम या पुस्तिकेत सुचविला आहे. आगंतुक बहुधा एकटा येत नाही, आणि तारखेच्या रकान्यात त्याचे सोबती उघडे पडतात.

मागे उरणाऱ्या अवशेषांसंबंधी लोकांच्या मनात जी धास्ती आहे, तिच्यावर एक अख्खा व्यापार उभा राहिला. गेलेल्या बिऱ्हाडकरूने भिंतीत ठोकलेल्या खुंट्या जितक्या उपद्रवी, तितक्याच रजिस्ट्रीतील या निर्जीव नोंदी; त्यांच्यामुळे संगणक मंदावतो ही समजूत बव्हंशी निराधार आहे. तरी रजिस्ट्री ‘साफ’ करून देणारे प्रोग्राम वर्षानुवर्षे विकले जात आहेत. मायक्रोसॉफ्टने असल्या साधनांना आपला पाठिंबा नाही असे जाहीर केले आहे. इतकेच नव्हे तर अर्धवट राहिलेल्या बसवणुका पुसण्यासाठी स्वतःच दिलेले एक साधन, ते इतर प्रोग्रामांचेही नुकसान करू शकते असे आढळल्यावरून, २०१० साली परत घेतले. सीक्लीनर या नावाजलेल्या सफाईच्या प्रोग्रामची २०१७ मधील एक आवृत्ती तर निर्मात्यांच्या नकळत हल्लेखोरांनी दूषित केली, आणि उघडकीस येईतो ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर जाऊन बसली होती. त्यांतील कित्येकांनी ती घेतली असेल ती संगणक निर्मळ राहावा याच सदिच्छेने.

निर्मूलनाच्या अतिउत्साहाचे शास्त्रशुद्ध उदाहरण हवे असेल तर ते २००५ साली अमेरिकेत घडले. सोनी बीएमजी या संगीत-कंपनीने नक्कल रोखण्याच्या हेतूने पन्नासाहून अधिक गीतसंग्रहांच्या सीडींमध्ये एक्ससीपी नावाची यंत्रणा घातली होती; सीडी विंडोजच्या संगणकात घातली की ती स्वतः आत जाऊन बसे, आणि विशिष्ट उपसर्गाने सुरू होणारी प्रत्येक फाइल खुद्द विंडोजच्या नजरेआड करी. यादीत तिचे नाव नव्हते, अर्थात काढण्याची वाटही नव्हती. मार्क रुसिनोविच या निष्णात तंत्रज्ञाला ती आपल्या संगणकावर आढळली आणि ३१ ऑक्टोबर रोजी त्याने सारी हकिकत प्रसिद्ध केली. पण या कथेतील बोधप्रद भाग पुढचा आहे. विंडोजच्या अंतर्रचनेचा इतका अधिकारी पुरुष, त्याने त्या फाइली हाताने काढल्या, आणि परिणाम काय, तर संगणकातून सीडी ड्राइव्हच अंतर्धान पावला. कारण ती यंत्रणा ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या दरम्यान मध्यस्थ म्हणून स्वतःची नेमणूक करून बसली होती, आणि मध्यस्थ नाहीसा झाला तरी दफ्तरात त्याचे नाव कायम होते. तीही नोंद शोधून काढल्यावर ड्राइव्ह परत आला. लोकक्षोभ उसळल्यावर कंपनीने संकेतस्थळावरून ती यंत्रणा काढून टाकण्याची सोय केली, तर प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले की ती सोय वापरणाऱ्याच्या संगणकात, कोणत्याही परक्या संकेतस्थळाला हवे ते करता येईल, असे भगदाड राहते. शेवटी नोव्हेंबरात त्या सीडीच बाजारातून परत मागविण्यात आल्या. जे काम रुसिनोविचसारख्याला सहजी साधले नाही, ते एखाद्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून रविवारी दुपारी उरकण्याची उमेद बाळगणाऱ्यांनी ही हकिकत अवश्य ध्यानी घ्यावी.

अवशेष निरुपद्रवी असतात या माझ्या विधानाला एक भला मोठा अपवाद आहे, आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर २०१४ च्या अखेरीस सुपरफिश नावाचा जाहिराती दाखविणारा प्रोग्राम कारखान्यातूनच बसवून येई. सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही जाहिराती घुसविता याव्यात म्हणून त्याने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र दाखल करून ठेवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांवर एकच होती. ती ज्याच्या हाती पडेल त्याला कोणत्याही बँकेचे सोंग घेता यावे. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उजेडात आले तेव्हा सावध लोकांनी यादीतून सुपरफिश तत्परतेने काढला. प्रोग्राम गेला, प्रमाणपत्र राहिले, आणि अपाय होता तो प्रमाणपत्रातच. पुढे कंपनीने दोन्ही काढणारे साधन दिले. तात्पर्य, अवशेषांची पाठ घ्यावयाची ती सरसकट नव्हे, तर ज्यांच्या हाती अधिकार उरतो त्यांची : प्रमाणपत्रे, ब्राउझरची धोरणे, संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या नोंदी, आणि टास्क शेड्यूलरमधील फर्माने, जी काढलेला आगंतुक मध्यरात्री पुन्हा उतरवून घेण्याची व्यवस्था करून ठेवतात. अ‍ॅपडेटामध्ये पडून राहिलेल्या रंगसंगतीच्या फाइलीने कोणाचेही वाकडे झालेले नाही.

प्रत्यक्ष कृतीचा तपशील पुढील प्रकरणांत येईलच. येथे दोन-तीन प्रचलित गैरसमजांची वासलात लावणे इष्ट होईल. ‘सेफ मोडमध्ये जाऊन काढा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण विंडोज इन्स्टॉलर ही सेवा त्या अवस्थेत मुळात सुरूच नसते, त्यामुळे तिच्यामार्फत बसविलेले प्रोग्राम तेथे रीतसर निघतच नाहीत. दुसरा समज रीस्टार्टविषयी. चालू असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही. तिचे नाव रजिस्ट्रीत टिपून ठेवले जाते, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना, इतर कोणी तिला हात लावण्यापूर्वी, ती पुसली जाते. परंतु विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पुष्कळदा पूर्ण बंद होणे नव्हे. जलद सुरू होता यावे म्हणून प्रणालीचा गाभा गोठवून जपून ठेवला जातो. तेव्हा रात्री बंद करून सकाळी चालू केलेला संगणक हे पुसण्याचे काम करीलच असे नाही. त्यासाठी ‘रीस्टार्ट’ हीच आज्ञा द्यावी लागते. तिसरा समज असा की सिस्टिम रिस्टोअरचा बिंदू घेऊन ठेवला की सर्व काही सुरक्षित. तो बिंदू रजिस्ट्री आणि प्रणालीच्या फाइली मागे नेतो, मुलीच्या बारशाचे फोटो परत आणीत नाही. शिवाय अनेक नव्या संगणकांवर ही सोय आरंभी बंदच असते. फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवणे याला पर्याय नाही.

जुना अँटिव्हायरस काढल्याविना नवा बसविणाऱ्यांना इतकेच सांगावयाचे की प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तिची झडती घेणार, आणि दोघांच्या मध्ये संगणक रखडणार. असले प्रोग्राम शत्रूने काढू नयेत अशा बंदोबस्ताने बसलेले असल्यामुळे मालकाकडूनही सहजी निघत नाहीत. त्यांच्या निर्मात्यांनी त्यासाठी स्वतंत्र साधन दिलेले असते आणि तेच वापरावे.

वीज आज रात्री तोडली जाईल असा संदेश पाठवून, किंवा आपण बँकेचे अधिकारी आहोत असे भासवून, दुसऱ्याचा पडदा दुरून चालविण्याचा प्रोग्राम घ्यावयास लावणाऱ्या भामट्यांचा सुळसुळाट सर्वश्रुत आहे. एनीडेस्कसारखी साधने स्वतः निर्दोष व उपयुक्तच. पण त्यांच्या अशा दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते. असा प्रसंग ओढवलेल्या घरी मात्र प्रोग्राम काढणे हे पहिले काम नव्हे. प्रथम इंटरनेट तोडावे, मग दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, बँकेस कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि मग तो प्रोग्राम. अशा संगणकावर ते भामटे आणखी काय ठेवून गेले असतील याची खात्री देणे कठीण, म्हणून विंडोज नव्याने बसविणे हाच तेथे माझा सल्ला राहील.

शेवटी एक प्रकरण केवळ मराठी घरांसाठी आहे, आणि इतर भाषांतील अशा पुस्तिकांत ते सापडणार नाही. विंडोज २००० पूर्वी त्या प्रणालीत देवनागरीला मूळचे स्थान नव्हते. आपल्याकडील लेखन, निमंत्रणपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्ते, पीएच.डी.चे प्रबंध, हे सर्व श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम, कृतिदेवसारखे फाँट यांच्या आधाराने सिद्ध होत असे. या व्यवस्थेत फाइलमध्ये देवनागरी अक्षर नसतेच. असतो तो रोमन लिपीसाठी नेमलेला संकेत, आणि त्याला काना-मात्रेचे रूप देतो तो फाँट. आता युनिकोड आले, तेव्हा हा जुना प्रोग्राम कशाला जागा अडवितो, असे म्हणून एखादा कर्ता नातू तो काढून टाकतो. प्रोग्रामबरोबर त्याचे फाँट जातात. आणि आजोबांनी दहा वर्षे खपून लिहिलेला कुलवृत्तांत उघडला तर पानभर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तसे वाटून फाइलच पुसून टाकणारे लोकही असतात.

म्हणून अशा घरी क्रम उलटा ठेवावा. प्रोग्राम जिवंत असतानाच प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ करून घ्यावी, कारण पीडीएफमध्ये फाँट सामान्यतः आतच समाविष्ट होतो आणि पुढे वाचता येतो. त्यानंतर रूपांतर करणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि ती प्रत पीडीएफशेजारी ठेवून निदान विशेषनामे, आकडे, रफार व अर्धा र असलेली जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. रूपांतराची गफलत होते ती बहुधा तेथेच. मूळ फाइली फाँटांसकट एका डिस्कवर उतरवाव्यात. हे सर्व झाल्यावरच यादीतील त्या नावावर बोट ठेवावे. प्रिंटरच्या पोर्टाला लावलेले, ज्याच्यावाचून असा जुना प्रोग्राम पुष्कळदा चालतच नाही, ते लहानसे हार्डवेअर लॉक मात्र प्रोग्राम गेला तरी रद्दीबरोबर जाऊ देऊ नये. इतिवृत्तातील एखाद्या सभेची पीडीएफ करावयाची राहून गेली, हे सहा महिन्यांनी कोणाच्या तरी ध्यानात येतेच.